छोट्या ट्रॅक्टरमधील हायड्रॉलिक तेलगळती

छोट्या ट्रॅक्टरमधील हायड्रॉलिक तेलगळती म्हणजे ट्रॅक्टरची लिफ्ट, पॉवर स्टिअरिंग व बाह्य सिलिंडर आणि त्यांना तेल पुरवणारे पंप, नळ्या व व्हॉल्व्ह यांतून तेल बाहेर पडणे किंवा यंत्रणेच्या आतच चुकीच्या वाटेने निसटणे होय. पहिल्या प्रकारास बाह्य गळती व दुसऱ्यास अंतर्गत गळती म्हणतात. बहुतेक वेळा गळतीचे मूळ एखादी रबरी कडी, ऑइल सील किंवा सैल सांधा अशा किरकोळ किमतीच्या भागात असते. खर्च आणि वेळ वाढतो तो मुख्यतः मूळ जागा न ओळखता केलेल्या खोलाखोलीमुळे. तेल जिथून ठिबकते ती जागा आणि जिथून सुटते ती जागा सहसा वेगळी असते. म्हणून या दुरुस्तीत शोधाचे काम मोठे आणि प्रत्यक्ष बदलाचे काम त्यामानाने लहान असते. चालू यंत्रणेत हाताने चाचपून गळती शोधणे अत्यंत धोकादायक असून त्यामुळे बोट किंवा हात गमावण्याची वेळ येऊ शकते.

यंत्रणेची रचना

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, या सतराव्या शतकातील ब्लेझ पास्कल यांच्या नियमावर सर्व हायड्रॉलिक यंत्रे चालतात. जोसेफ ब्रामा यांनी १७९५ मध्ये इंग्लंडमध्ये हायड्रॉलिक दाबयंत्राचे पेटंट घेतले. शेतीच्या ट्रॅक्टरमध्ये हे तत्त्व रुजवण्याचे श्रेय प्रामुख्याने आयरिश अभियंते हॅरी फर्ग्युसन यांच्याकडे जाते. अवजार ट्रॅक्टरला तीन बिंदूंत जोडून ते तेलाच्या दाबाने उचलणारी त्यांची पद्धत १९३६ च्या फर्ग्युसन-ब्राऊन ट्रॅक्टरमधून आणि पुढे १९३९ च्या फोर्ड-फर्ग्युसन ‘९ एन’ या ट्रॅक्टरमधून बाजारात आली. आज जगभरच्या लहानमोठ्या ट्रॅक्टरांच्या मागे दिसणारी तीन-बिंदू जोडणी हीच होय. तेलबंद सांध्यांचा प्रश्न पुष्कळसा सोपा करणारी ओ-रिंग हीसुद्धा त्याच काळातील आहे. डेन्मार्कमध्ये जन्मलेले अमेरिकन संशोधक नील्स क्रिस्टेन्सेन यांना तिचे अमेरिकी पेटंट १९३९ मध्ये मिळाले.

छोट्या ट्रॅक्टरच्या यंत्रणेत साधारणतः एक गिअर पंप, एक दाबमर्यादक व्हॉल्व्ह, लिफ्टचा कंट्रोल व्हॉल्व्ह, मागील हाऊसिंगच्या झाकणात बसवलेला एकेरी सिलिंडर आणि लिफ्टचा आडवा शाफ्ट हे मुख्य भाग असतात. कार्यदाब बहुधा १२० ते २०० बारच्या दरम्यान असतो. १५० बार म्हणजे नखाएवढ्या, सुमारे एक चौरस सेंटिमीटर जागेवर सुमारे दीडशे किलो वजन. ७५ मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनवर हाच दाब साडेसहा टनांहून अधिक जोर निर्माण करतो. हा एवढा जोर ज्या सीलने अडवून धरलेला असतो, त्याची जाडी कित्येकदा काही मिलिमीटरच असते.

या यंत्रणेची दोन वैशिष्ट्ये गळती समजून घेताना विशेष महत्त्वाची ठरतात. एक म्हणजे, बहुतेक छोट्या ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स, डिफरन्शियल, तेलात बुडालेले ब्रेक आणि हायड्रॉलिक यांना एकच सामाईक तेल असते. त्यामुळे मागच्या धुऱ्याच्या किंवा पीटीओ शाफ्टच्या सीलमधून जे तेल गळते तेही हायड्रॉलिकचेच असते आणि पातळी खाली गेली की लिफ्टबरोबर गिअर व ब्रेकही अडचणीत येतात. दुसरे म्हणजे, जपानी धर्तीच्या छोट्या ट्रॅक्टरांत पंप पुढे इंजिनाला आणि तेलसाठा मागे हाऊसिंगमध्ये असतो. या दोहोंना जोडणारी लांब शोषण-नळी ट्रॅक्टरच्या पोटाखालून किंवा बाजूने जाते. तिच्यावर फिल्टर, रबरी जोडनळ्या आणि पट्ट्यांचे सांधे असतात. मॅसी फर्ग्युसनच्या जुन्या परंपरेतील ट्रॅक्टरांत याउलट पंपच मागील हाऊसिंगच्या आत तेलात बुडालेला असतो. तेथे पंपातून होणारी गळती बाहेर दिसतच नाही.

गळतीची कारणे

नायट्राइल रबराच्या ओ-रिंग व सील तेलात चांगल्या टिकतात, पण उष्णतेने हळूहळू कडक होतात. खाचेत बसवलेली ओ-रिंग नवी असताना किंचित दाबली जाते आणि मूळ आकारात परतण्याच्या तिच्या ओढीमुळेच सांधा बंद राहतो. वर्षानुवर्षे तापून ती चपटी झाली की ही ओढ संपते. अशी कडी काढल्यावर गोल न दिसता चौकोनी कडेची दिसते व वाकवल्यास तिला भेगा पडतात. बराच काळ उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरमध्ये हंगामाच्या सुरुवातीस अचानक तेल दिसू लागते, त्याचे एक कारण हे आहे.

होस पाइपच्या बाबतीत घर्षण हा मुख्य शत्रू होय. पोलादी तारांचे एक किंवा दोन विणलेले थर असलेला पाइप कार्यदाबाच्या चौपट दाबापर्यंत फुटू नये अशा हिशेबाने बनवलेला असतो, परंतु चॅसिसवर घासून बाहेरचे रबर गेले आणि तारा उघड्या पडल्या की ओलाव्याने त्या गंजतात व हा सगळा हिशेब व्यर्थ जातो. पिळलेल्या स्थितीत घट्ट केलेला पाइपही लवकर फुटतो.

सिलिंडरच्या दांड्यावरचा क्रोमचा थर गंजला, त्यावर वेल्डिंगचे तुषार उडाले किंवा दगडाचा ओरखडा आला, तर दांडा प्रत्येक फेरीत सीलचा ओठ कापत जातो. तेलातील धूळ व धातूची भुकटी हेच काम आतून करते.

एक कारण मात्र हटकून दुर्लक्षिले जाते, ते म्हणजे तुंबलेला श्वसनमार्ग. तेल तापले की हाऊसिंगमधील हवा प्रसरण पावते. तिला बाहेर जाण्यासाठी झाकणावर किंवा डिपस्टिकच्या टोपणात बारीक छिद्र असते. ते माती व तेलाच्या राडीने बंद झाले की आतील हवेचा दाब वाढतो आणि चांगल्या स्थितीतील ऑइल सीलमधूनही तेल बाहेर ढकलले जाते. एकाच वेळी धुरा, पीटीओ आणि क्लचची बाजू अशा दोन-तीन ठिकाणी तेल दिसू लागले, तर सील बदलण्याआधी हे छिद्र पाहणे शहाणपणाचे ठरते. ते साफ करायला डिझेलमध्ये बुडवलेला ब्रश पुरतो. प्रमाणाबाहेर भरलेले तेलही असेच बाहेर पडते. अवजार उचललेले किंवा बाह्य सिलिंडर बाहेर आलेले असताना पातळी पाहिली तर ती कमी दिसते, कारण काही तेल सिलिंडरांत गेलेले असते. त्यावर भर घातली की अवजार खाली येताच हाऊसिंग तुडुंब भरते.

त्वचेत तेल घुसण्याचा धोका

सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून दाबाखाली निघणारी तेलाची धार बारीक तुषारासारखी असते व उजेडात नीट दिसतही नाही. सुमारे ७ बार एवढा दाबही त्वचा भेदण्यास पुरेसा ठरू शकतो. ट्रॅक्टरमधील दाब याच्या वीसपट किंवा अधिक असतो. हातमोजे अशी धार अडवत नाहीत. गळती कुठे आहे हे पाहण्यासाठी होसवरून हात किंवा चिंधी फिरवण्याची सवय म्हणूनच घातक आहे.

अशी जखम फसवी असते. त्वचेवर टाचणी टोचल्यासारखा लहान ठिपका दिसतो आणि सुरुवातीला वेदनाही फारशी होत नाही. परंतु आत शिरलेले तेल स्नायुबंधांच्या आवरणांतून बोटापासून तळव्यापर्यंत आणि त्याहीपुढे पसरते. काही तासांत सूज येते, रक्तप्रवाह अडतो आणि ऊती मरू लागतात. उपचार शस्त्रक्रियेनेच होतो. जखम उघडून तेल व मृत ऊती काढाव्या लागतात आणि विलंब झाल्यास अवयव कापावा लागण्याची शक्यता वाढते. त्यामुळे ठिपका कितीही क्षुल्लक वाटला तरी तातडीने शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जाणे आवश्यक असते. तेथे ‘दाबाखालील हायड्रॉलिक तेल त्वचेत घुसले आहे’ असे स्पष्ट शब्दांत सांगावे लागते, कारण नुसती जखम पाहून तिचे गांभीर्य लक्षात येत नाही. तेलाचा डबा किंवा त्याचे नाव सोबत नेल्यास उपचारास मदत होते.

दुसरा धोका वजनाचा आहे. उचललेले अवजार किंवा टिपर ट्रॉलीचा हौदा केवळ तेलाच्या स्तंभावर उभा असतो. सांधा सैल करताच तो खाली येतो. हौद्याखाली काम करताना तो भक्कम लोखंडी टेकूवर टेकवलेला असणे अनिवार्य आहे. नुसत्या जॅकवर किंवा विटांच्या रचलेल्या ढिगावर विसंबणे हे अपघाताला आमंत्रण ठरते. तापलेल्या सायलेन्सरवर तेलाचे तुषार पडून आग लागण्याचीही शक्यता असते.

गळतीचा शोध

शोधाची सुरुवात धुण्यापासून होते. तेल धातूच्या कडेने खाली उतरते, वाऱ्याने मागे सरकते आणि सर्वांत खालच्या बोल्टच्या टोकाशी थेंबाच्या रूपाने लोंबते. त्यामुळे मातीने माखलेल्या ट्रॅक्टरखाली बघून काढलेला निष्कर्ष बहुधा चुकतो. डिझेल किंवा रॉकेलने संशयित भाग धुऊन, पुसून पूर्ण कोरडा केला जातो व त्यावर टाल्कम पावडर किंवा खडूची पूड भुरभुरली जाते. यंत्र चालवल्यावर पुडीवर पहिला ओला डाग सर्वांत वर जिथे उमटतो, ती गळतीची खरी जागा. चालू यंत्रणेतील दाबाच्या बाजूची तपासणी दूर धरलेल्या पुठ्ठ्याने करतात. त्यावर तेलाची रेघ उमटते. गळती फार मंद असल्यास तेलात मिसळायचा प्रकाशमान रंग व अतिनील दिवा यांचा वापर होतो.

तेल केव्हा गळते हा प्रश्न ते कोठून गळते याइतकाच उपयोगी आहे. यंत्र उभे असतानाच थेंब पडत असतील तर दोष तेलाच्या पातळीखालच्या भागात असतो, जसे ड्रेन प्लग, फिल्टर, शोषण-नळी किंवा खालची सील. फक्त लिफ्ट उचलताना किंवा स्टिअरिंग टोकापर्यंत वळवताना गळत असेल तर तो दाबाच्या बाजूचा सांधा होय. गरम झाल्यावरच गळत असेल तर पातळ झालेले तेल व कडक झालेली सील यांचा संशय घ्यावा लागतो.

गळतीचा वेगही मोजून पाहण्यासारखा असतो. सेकंदाला एक थेंब ही किरकोळ बाब वाटते. वीस थेंबांचे साधारण एक मिलिलिटर धरले तर असा ट्रॅक्टर चोवीस तासांत चार लिटरहून अधिक तेल गमावतो. छोट्या ट्रॅक्टरच्या एकूण तेलाच्या मानाने हे प्रमाण मोठे आहे.

क्लच हाऊसिंगच्या तळाशी एक छिद्र असते व त्यात बहुधा दुहेरी पिन अडकवलेली असते. तेथून तेल आले की ते इंजिनाचे की गिअरबॉक्सचे, हा वाद मेकॅनिकांत नेहमीचा आहे. क्रँकशाफ्टच्या मागील सीलमधून आलेले इंजिन तेल काजळीमुळे काळे असते. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या सीलमधून आलेले तेल मधासारखे पिवळसर असते. पांढऱ्या कागदावर दोन्ही डिपस्टिकचे आणि छिद्रातील थेंबाचे असे तीन ठिपके शेजारी शेजारी ठेवल्यास फरक लगेच उमगतो. हा निर्णय महत्त्वाचा असतो, कारण दोन्ही सील गाठण्यासाठी ट्रॅक्टर मधोमध फोडावा लागतो. एवढे काम एकदा काढल्यावर दोन्ही सील बदलून टाकणेच परवडते.

हवा ओढणारी गळती

शोषण-नळीवरील दोषाची लक्षणे उलटी असतात. यंत्र उभे असताना तेथून तेल झिरपते, पण इंजिन चालू होताच नळीत निर्वात निर्माण होतो आणि तेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. मग पंप घरघरतो, लिफ्ट झटके देत उचलते आणि डिपस्टिकवरील तेल फेसाळ दिसते. जमिनीवर डाग नसल्याने अनेकदा पंपच खराब ठरवून बदलला जातो आणि नवा पंपही तसाच आवाज करतो. परीक्षा सोपी आहे. इंजिन चालू असताना शोषण-नळीच्या एकेका सांध्यावर घट्ट ग्रीस लावत जावे. ज्या सांध्यावर आवाज बदलतो तो दोषी. नळीत दाब नसल्याने हे काम हाताने करता येते, मात्र पंखा, पट्टा आणि फिरते शाफ्ट यांपासून दूर राहूनच.

अंतर्गत गळती

उचललेले अवजार आपोआप खाली बसत असेल आणि बाहेर कुठेही तेल नसेल तर तेल आतल्या आत साठ्याकडे परतत असते. इंजिन चालू असताना याचे दुसरे रूप दिसते. लिफ्टच्या बाह्या किंचित खाली येतात, नियंत्रण त्यांना पुन्हा वर उचलते आणि हे दर काही सेकंदांनी घडत राहते.

दोष सिलिंडरात की कंट्रोल व्हॉल्व्हमध्ये, हे ठरवायला अवजार उतरण्याचा वेग नियंत्रित करणारा नॉब उपयोगी पडतो. बहुतेक छोट्या ट्रॅक्टरांत तो आसनाखाली असतो आणि त्याचा व्हॉल्व्ह सिलिंडर व कंट्रोल व्हॉल्व्ह यांच्या मधल्या मार्गावर असतो. जड अवजार उचलून नॉब पूर्ण बंद करावा व इंजिन थांबवावे. आता अवजार जागेवर थांबले तर तेल कंट्रोल व्हॉल्व्हमधून परतत होते. तरीही खाली येत राहिले तर पिस्टनची सील किंवा सिलिंडरच्या बाजूचा सुरक्षा-व्हॉल्व्ह दोषी असतो. काही मिनिटांची ही चाचणी कित्येकदा लिफ्टचे संपूर्ण झाकण उतरवण्याचा खर्च वाचवते. भार धरून ठेवण्याच्या क्षमतेला अधिकृत चाचणीतही स्थान आहे. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेच्या ट्रॅक्टर चाचणी अहवालांत उचललेला भार अर्ध्या तासात किती खाली येतो याची नोंद असते. थोडी घट नव्या ट्रॅक्टरमध्येही दिसते, त्यामुळे रात्रभरात अवजार जमिनीला टेकले एवढ्यावरून लिफ्ट सदोष ठरत नाही.

दुरुस्ती

कोणताही सांधा सैल करण्यापूर्वी ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून अवजार जमिनीवर टेकवतात, इंजिन बंद करून चाकांपुढे व मागे ठोकळे लावतात आणि लिफ्ट, बाह्य व्हॉल्व्ह व स्टिअरिंग बंद इंजिनावरच काही वेळा हलवून उरलेला दाब काढून टाकतात. उघडलेली प्रत्येक नळी व छिद्र स्वच्छ टोपणाने किंवा प्लास्टिकने झाकणे हे कंटाळवाणे पण अत्यावश्यक काम आहे. वाळूचा एक कण कंट्रोल व्हॉल्व्हच्या स्पूलवर कायमचा ओरखडा पाडू शकतो. स्पूल आणि त्याचे छिद्र परस्परांना घासून जुळवलेले असल्याने त्यांची दुरुस्ती नव्या व्हॉल्व्हच्या खर्चापर्यंत जाते.

सांध्याला गळती दिसताच पाना लावून तो आणखी आवळणे ही स्वाभाविक प्रतिक्रिया असते. ती क्वचितच लागू पडते. जास्त आवळल्याने शंकूच्या बैठकीला तडा जातो, ॲल्युमिनियमच्या भागातील आटे निघतात किंवा ओ-रिंग चिरते. सांधा उघडून बैठक तपासणे, खाच साफ करणे आणि नवी कडी तेल लावून बसवणे हा योग्य मार्ग होय. तांब्याचा वॉशर एकदा दाबला गेला की कडक होतो. तो लाल होईपर्यंत तापवून थंड केल्यास पुन्हा मऊ होतो, पण नवा घालणे अधिक खात्रीचे असते.

दाबाच्या सांध्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळण्याची पद्धत सर्वत्र दिसते. टेप निमुळत्या आट्यांसाठी आहे. ज्या सांध्यात तेल शंकूने, ओ-रिंगने किंवा वॉशरने अडवले जाते तेथे आट्यांवर टेप लावून काहीच साधत नाही. उलट तिचे तुकडे तुटून व्हॉल्व्हमध्ये अडकतात. सिलिकॉन सीलंटचा जाड थर लावण्याचा परिणामही असाच होतो. आत फुगलेला जादा भाग सुटून गाळणीत बसतो.

आट्यांची जात ओळखणे हे या कामातील खरे कौशल्य आहे. बीएसपी, मेट्रिक, जेआयसी आणि एनपीटी ही मानके बाजारात एकत्र नांदतात आणि एकमेकांत अर्धवट बसतातही. अर्ध्या इंचाच्या बीएसपी व एनपीटी या दोहोंत इंचाला चौदाच आटे असतात, पण आट्यांचा कोन एकात ५५ अंश आणि दुसऱ्यात ६० अंश असतो. दोन-तीन फेरे सहज फिरून सांधा घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि दाब येताच गळतो. नवा होस बनवून घेताना जुना होस दोन्ही टोकांसह नमुना म्हणून दुकानात नेण्याची प्रथा यामुळेच योग्य ठरते. फुटलेला होस कापून मध्ये क्लॅम्पची जोडनळी घालणे हा उपाय परतीच्या कमी दाबाच्या नळीवर एकवेळ चालतो. दाबाच्या नळीवर तो प्राणघातक ठरू शकतो.

सिलिंडरची सील बदलताना तिच्या ओठाची दिशा पाहावी लागते. ‘यू’ आकाराच्या सीलची उघडी बाजू दाबाकडे असते. उलटी बसवलेली नवी सील जुन्याहून अधिक गळते. दांड्यावरील बारीक ओरखडे तेलातील अतिसूक्ष्म पॉलिश पेपरने गुळगुळीत करता येतात, पण नख अडकेल असा खड्डा असेल तर दांडा बदलणे किंवा पुन्हा क्रोम करणे याला पर्याय नसतो. तसे न केल्यास नवी सील एखाद्या हंगामातच कापली जाते.

धुरा व पीटीओ यांच्या ऑइल सील बाहेरून बसवल्या जातात. जुन्या सीलच्या ओठाने शाफ्टवर खाच पाडली असेल तर नवी सील एक-दोन मिलिमीटर मागे-पुढे बसवून ओठाला अस्पृष्ट पृष्ठभाग देतात किंवा शाफ्टवर पातळ पोलादी बाही चढवतात. पीटीओच्या खाचांच्या धारदार कडांवरून सील सरकवताना त्या कडांवर टेप गुंडाळतात व ओठाला ग्रीस लावतात. सील तिरकी ठोकली गेल्यास आतील स्प्रिंग निसटते. लिफ्टच्या आडव्या शाफ्टच्या दोन्ही टोकांना असलेल्या कड्या गळू लागल्यास बुशची झीज आधी तपासली जाते. शाफ्ट बुशमध्ये खालीवर हलत असेल तर नुसती कडी टिकत नाही.

तेल आणि शेवटची तपासणी

सामाईक साठ्यात उत्पादकाने सांगितलेले सर्वोपयोगी ट्रॅक्टर तेलच वापरले जाते, कारण त्याला गिअरचे रक्षण, पंपाचे वंगण आणि तेलातील ब्रेकचे घर्षण ही तिन्ही कामे करावी लागतात. साधे औद्योगिक हायड्रॉलिक तेल भरल्यास लिफ्ट चालते, पण ब्रेक किरकिरतात. ग्लायकोलयुक्त ब्रेक ऑइल तर पूर्णतः वर्ज्य आहे. ‘गळती थांबवणारे’ म्हणून विकले जाणारे द्रव रबर फुगवून काही काळ आराम देतात. त्यांना उपाय म्हणण्यापेक्षा मुदतवाढ म्हणणे अधिक बरोबर होईल. तेल दुधाळ चहासारखे दिसत असेल तर त्यात पाणी शिरलेले असते आणि गळती थांबवूनही ते बदलावेच लागते.

दुरुस्तीनंतर इंजिन मंद गतीवर ठेवून लिफ्ट व स्टिअरिंग अनेकदा पूर्ण फिरवतात, म्हणजे अडकलेली हवा साठ्याकडे परतते. मग अवजार खाली टेकवून पातळी पुन्हा पाहतात. पुडीची परीक्षा या वेळी पुन्हा एकदा, तेल गरम झाल्यावर व पूर्ण भार उचलून करतात. पहिल्या काही तासांच्या कामानंतर फिल्टर तपासणे उपयोगी ठरते.

महाराष्ट्रातील परिस्थिती

महाराष्ट्रात छोट्या ट्रॅक्टरांचा वापर द्राक्षबागा, डाळिंबबागा, उसाची आंतरमशागत आणि भाताच्या खाचरांत विशेष होतो. राज्याच्या सामाजिक न्याय विभागाच्या योजनेतून अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या स्वयंसहाय्यता बचत गटांना ९ ते १८ अश्वशक्तीचे मिनी ट्रॅक्टर उपसाधनांसह अनुदानावर दिले जातात. एका ट्रॅक्टरवर अनेक कुटुंबांचे काम अवलंबून असलेल्या अशा ठिकाणी हंगामात चार दिवस यंत्र बंद पडण्याची किंमत सीलच्या किमतीपेक्षा कितीतरी मोठी असते.

पीक व प्रदेशानुसार गळतीचे स्वरूपही बदलते. नाशिक व सांगली भागातील बागांत फवारणीचा ब्लोअर दिवसभर लिफ्टवर तोलून धरलेला असतो. त्यामुळे पिस्टनच्या सीलचा दोष तेथे लवकर उघड होतो. कोकणात व पूर्व विदर्भात चिखलणीच्या वेळी धुरा व पीटीओ चिखलात बुडतात. सीलच्या बाहेरच्या ओठाखाली माती जाते आणि श्वसनमार्गातून पाणी तेलात मिसळते. उसाच्या पट्ट्यात पाचट आणि ठिबकच्या तुटलेल्या नळ्या धुऱ्याभोवती व पीटीओभोवती गुंडाळल्या जाऊन सील उचकटतात. ही गुंडाळी रोज काढून टाकणे हा तेथील सर्वांत स्वस्त प्रतिबंध आहे.

सांडलेले तेल

हायड्रॉलिक तेल मातीत मुरल्यास त्या जागेतील झाडोरा जळतो. हिरवळीवर चालणाऱ्या छोट्या ट्रॅक्टरांच्या होसमधील बारीक गळती कित्येकदा जळालेल्या गवताच्या सरळ पट्ट्यांवरूनच प्रथम लक्षात येते. सांडलेल्या तेलावर लाकडाचा भुसा किंवा कोरडी माती टाकून ती वेगळी गोळा करतात. काढलेले जुने तेल विहिरीजवळ, नाल्यात किंवा बांधावर ओतणे पाण्याला बाधक असून जाळण्यासाठी वापरणेही हानिकारक आहे. भारतात वापरलेले तेल धोकादायक व इतर अपशिष्टे (व्यवस्थापन व सीमापार वहन) नियम, २०१६ यांच्या कक्षेत येते आणि ते अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच जाणे अपेक्षित असते. खेड्यांतून ते सहसा गॅरेज किंवा तेलविक्रेत्यांमार्फत गोळा होते. त्यासाठी जुने तेल पाणी, डिझेल किंवा ब्रेक ऑइल न मिसळता झाकणबंद डब्यात वेगळे ठेवावे लागते.